वेग, भरवसा आणि हप्ता

टाकवे बुद्रुक हे आंदर मावळातलं गाव. कान्हे फाट्यावरून आत वळून रेल्वे आणि इंद्रायणी ओलांडली की एका बाजूला भाताची खाचरं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या शेड. इथल्या तरुणांची पहिली नोकरी बहुधा वाहनउद्योगातली असते, आणि पहिलं मोठं कर्जही बहुधा वाहनाचंच. पुढचा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातला पेच या पट्ट्यात घरोघर आहे. भाची चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. मामा वर्षानुवर्षं गॅरेज चालवतात. तिला गाडी घ्यायची आहे, डिकीची आणि पळणारी.

भाची : मामा, तीन गाड्यांवर येऊन थांबलेय. नवी डिझायर, नऊ लाखांच्या आत-बाहेर. फोक्सवॅगनची व्हर्टस नाहीतर तिची जुळी स्लाव्हिया, म्हणजे डिझायरहून महाग, थेट अठरा लाखांच्या पुढेमागे. आणि तिसरी, तुम्ही नाक मुरडाल, जुनी फोर्ड अ‍ॅस्पायर डिझेल. चार मीटरच्या आतली गाडी, शंभर पीएसचं इंजिन आणि २१५ न्यूटन-मीटर टॉर्क. आजच्या डिझायरला ८२ पीएस आणि ११२ न्यूटन-मीटर आहे.

मामा : नाक कशाला मुरडू? अ‍ॅस्पायर मी चालवलीय. दुसऱ्या गिअरला पाय दिला की पाठ सीटला टेकते. तुला नक्की काय हवंय ते सांग.

भाची : चालवायला मजा यावी. कामावरून घरी येताना आपण काहीतरी आवडीचं करतोय असं वाटावं. पण गाडी दारात बंद पडलेली नको, आणि पगार हप्त्यात बुडायला नको. म्हणून वहीत तक्ता केलाय. भरवसा, पिकअप, किंमत, प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज केली तर तिन्ही गाड्या एकमेकींच्या जवळ येतात.

मामा : म्हणजे पिकअपला नऊ मिळाले की भरवशाचे चार भरून निघतात?

भाची : बेरजेत तसंच होतं.

मामा : तुझ्या कारखान्यात असं चालतं का? एखाद्या पार्टचं पॉलिश उत्तम आहे पण भोक मापात नाही, तर पॉलिशचे गुण धरून तू तो पास करतेस?

भाची : नाही. तिथं गो-नोगो गेज असतं. गेज बसलं तर माल पुढे, नाही बसलं तर रिजेक्ट.

मामा : भरवशाला तेच लाव. आधी गेज, मग गुण.

(मामांचा हा मुद्दा मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. गाडी निवडताना तीन गुण एकाच तराजूत टाकायचे, अशी आपली समजूत असते. पण काही गोष्टी तराजूत बसतच नाहीत, त्या तराजूच्या आधीच्या असतात. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1950च्या दशकात दाखवलं की माणसं सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाहीत, पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतात. त्यांनी यात कमीपणा पाहिला नाही. माणसाकडे वेळ आणि माहिती दोन्ही मोजकी असतात, त्या मर्यादेत हेच शहाणपण ठरतं.)

भाची : पण भरवशाचं गेज कुठं लावायचं? शंभर टक्के भरवशाची गाडी तर कुणीच बनवत नाही.

मामा : बोनेटखाली लावू नकोस. तळेगाव आठव. 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना तिथं सुरू झाला तेव्हा मावळात केवढी आशा होती! त्यांच्याच शेवरलेची क्रूझ रस्त्यावर आली आणि पोरं वेडी झाली. दोन लिटरचं डिझेल, दीडशे पीएस. इंजिन दणकट होतं, आजही म्हणेन. मग 2017 मध्ये कंपनीनं भारतातली विक्रीच थांबवली. 2020च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं. क्रूझच्या इंजिनानं दगा दिला नाही, पण एका सेन्सरसाठी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली मी पाहिलीय. लोक विचारायचे, गाडीत दोष काय? काय सांगणार, दोष गाडीत नव्हताच.

भाची : म्हणजे भरवसा हा गाडीचा गुण नाही?

मामा : गाडीचा आहे, पण एकट्या गाडीचा नाही. कंपनी टिकेल का, स्पेअर किती दिवसांत येईल, हात लावणारा माणूस जवळ आहे का, आणि तू वेळेवर ऑइल बदलणार का, हे सगळं मिळून भरवसा होतो. फोर्डनं 2021च्या सप्टेंबरात इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सुटे भाग आजही मिळतात, पण दहा वर्षांनी मिळतीलच, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

भाची : शिवाय जुन्या गाडीत विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसतं. जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970चा एक प्रसिद्ध निबंध यावरच आहे. खराब गाड्यांच्या भीतीनं गिऱ्हाईक चांगल्या गाडीलाही कमी भाव देतं, मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणतच नाही.

मामा : निबंध मी वाचला नाही, पण रोज तेच बघतो. तू माझ्या माहितीतली गाडी घेतलीस तर ती भीती जाते. कंपनी निघून गेल्याची अडचण मात्र राहते. तू रोज चाकणला जाणार, तुझी ती एकुलती एक गाडी. तुझ्यासाठी अ‍ॅस्पायर गेजमध्ये बसत नाही. घरात दुसरी गाडी असती तर बसली असती.

भाची : मग फोक्सवॅगनचं काय? तिचा कारखाना चाकणलाच आहे, 2009 पासून.

मामा : कारखाना जवळ आहे यावर विसंबू नकोस. तळेगावलाही कारखानाच होता. आता तिथं ह्युंदाई आली, चांगलं झालं, पण मधली वर्षं ज्या कामगारांनी काढली त्यांना विचार. भिंती बघून भरवसा धरू नये. किती गाड्या रस्त्यावर आहेत आणि बाहेरच्या मेकॅनिकला त्या उघडता येतात का, ते बघावं. व्हर्टस आणि स्लाव्हिया 2022 मध्ये आल्या, आतून जवळपास एकच गाडी. कुशाक आणि टायगुन या एसयूव्हींनाही तीच इंजिनं आहेत. त्यामुळे माल फिरता राहतो. या गाड्या माझ्या गेजमध्ये बसतात. डिझायर तर बसतेच, तिचं सामान फाट्यावरच्या दुकानातही मिळतं.

भाची : मग संपलंच. डिझायर स्वस्त, भरवशाची, आणि नव्या मॉडेलला ग्लोबल एनकॅपचे पाच तारेही आहेत. तिच्यापुढे वेगाची गरज काय? एक्सप्रेसवेवर सपाटीला शंभरची मर्यादा आहे, वर कॅमेरे.

मामा : वेग आणि पिकअप वेगळं. तळेगाव-चाकण रस्ता घे. समोर कंटेनर, ओव्हरटेक करायचा तर समोरच्या लेनमध्ये जावं लागतं. सत्तरच्या वेगात तुझी गाडी सेकंदाला एकोणीस मीटर जाते, समोरून येणाराही तेवढाच येतो. म्हणजे पलीकडच्या लेनमधला एकेक सेकंद जवळजवळ चाळीस मीटर अंतर खातो. व्हर्टसच्या एक लिटर टर्बोचा १७८ न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमलाच हाती येतो. चार माणसं आणि सामान असताना डिझायरशी असलेला फरक पायाला कळतो.

भाची : हे ऐकून मला बरं वाटलं. पण खरं सांगू? मला ती गाडी ओव्हरटेकच्या सुरक्षिततेसाठी नकोय. आवडते म्हणून हवीय. कंटेनर दिसला तर मी मागेच राहीन.

मामा : मग तसंच म्हण. मजेला सुरक्षेचा सदरा घालू नकोस. तो घातला की मग दीडशे पीएससुद्धा सुरक्षेसाठीच वाटायला लागतात.

भाची : पण नुसती मजा हे कारण पुरतं का? गरजेपुरतंच बघायचं तर कान्ह्याहून लोकल आहे, कंपनीची बस आहे.

मामा : पुरतं. आनंद ही फालतू गोष्ट नाही. दिवसाचे दोन तास माणूस ज्या यंत्रात बसतो ते त्याला आवडावं, यात चूक काय? त्याची किंमत मात्र आपणच मोजायची, आणि डोळे उघडे ठेवून.

(इथं थोडं थांबून किमतीच्या मागचा कायदा पाहायला हवा, कारण तो निवडीवर मुकाट्यानं वजन टाकतो. 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या छोट्या गाड्यांना करसवलत मिळाली. त्यातून टाटांची इंडिगो सीएस 2008 मध्ये आली आणि कॉम्पॅक्ट सेडान हा प्रकार रुजला. शेपूट छाटलेली सेडान ही करामुळे जन्माला आलेली चीज आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो. व्हर्टसचं छोटं इंजिन फक्त एक लिटरचं, डिझायरच्या इंजिनाहून लहान, पण गाडी साडेचार मीटरहून लांब म्हणून तिला ४० टक्के. या आखूड गाड्यांमध्ये जोशाची गाडी देण्याचा प्रयत्न टाटांनी 2018 मध्ये टिगोर जेटीपी आणून केला, ११४ पीएस आणि साडेसात लाखांत. बीएस-६च्या सुमारास ती बंद झाली. ती टिकायला हवी होती. सामान्य पगारात बसणारी पळणारी सेडान आज नवी मिळत नाही, आणि भाचीचा निम्मा पेच त्यातून आला आहे.)

भाची : व्हर्टस घ्यायचीच तर दीड लिटरची का नको? दीडशे पीएस, सात गिअरची ऑटोमॅटिक. एकदाच घेणार आहे.

मामा : अठरा लाखांच्या गाडीला नुसता आरटीओचा कर बारा टक्के, म्हणजे दोन लाख सोळा हजार. ते सोडून दे. त्या गाडीचा डीएसजी गिअरबॉक्स ड्राय क्लचचा आहे. त्याच घराण्यातल्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनला 2013 मध्ये चीनमध्ये तीन लाख चौऱ्याऐंशी हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर सुधारणा झाल्या, हे खरं. तरी चाकणच्या गर्दीत इंचाइंचानं सरकणं हा ड्राय क्लचसाठी सगळ्यात वाईट व्यायाम. जास्त पैसे देऊन तू जास्त पिकअप घेशील आणि तुझ्या रस्त्यावर भरवसा थोडा कमी करशील. महाग म्हणजे भरवशाची, हे डोक्यातून काढ.

भाची : म्हणजे उरल्या दोन. डिझायर, आणि एक लिटरची मॅन्युअल व्हर्टस.

मामा : आता दोन्ही गेजमधून गेल्यात. आता हवे तर गुण दे.

भाची : त्यानंही सुटत नाही. समजा डिझायरवाला आणखी दहा हजार कमी करतो म्हणाला, तरी माझं मन तिकडे झुकत नाही. व्हर्टसवाल्यानं दहा हजार सोडले तरी तिकडेही नाही. दोन्ही सारख्या असत्या तर एवढ्यानं पारडं झुकायला हवं होतं. रूथ चँग नावाच्या तत्त्वज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं आहे की अशा वेळी पर्याय सारखेही नसतात आणि एक दुसऱ्याहून वरचढही नसतो. ते एकाच तोडीचे पण वेगळ्या जातीचे असतात. अशा ठिकाणी कारणं संपतात, आणि आपण कशाच्या मागे उभं राहायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

मामा : पटतं. पण कारणं संपली असं म्हणण्याआधी हप्ता बघ. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं. महिना सोळा हजार एकोणनव्वद. एकूण साडेतेरा लाख भरशील.

भाची : पगारातून जमेल.

मामा : आज जमेल. आपल्या भागात जमिनीच्या पैशातून आलेल्या गाड्या मी पुष्कळ धुतल्यात. जमीन गेली, पुढे गाडीही गेली. त्यांनी गाडी घेतली याचं मला वाईट वाटत नाही. पुढच्या अडचणीला लागणारा पैसा गाडीत गेला, याचं वाटतं. तुझ्याकडे जमीन नाही, नोकरी आहे. तुझ्या क्षेत्रात शिफ्ट कमी होतात, कंत्राटं संपतात. सात वर्षांचा हप्ता डोक्यावर असला की साहेबाला नाही म्हणायची वेळ आली तरी माणूस नाही म्हणत नाही. तू किमतीत ते धरलेलं नाहीस.

भाची : मग मन मारून डिझायर घ्यायची?

मामा : मी तसं म्हटलं नाही. एक वर्ष थांब. उद्यापासून दर महिन्याला तोच सोळा हजारांचा हप्ता स्वतःच्याच खात्यात भर. वर्षानं दोन लाखांच्या आसपास जमतील. मग आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घे, हप्ता साडेसोळा हजारांच्या थोडा वर. बोजा जवळपास तेवढाच, पण आजपासून मोजलंस तर मोकळी एक वर्ष आधी होशील, आणि दीड लाखाहून जास्त वाचतील.

भाची : गाडीच्या किमती वाढल्या तर?

मामा : त्यातले थोडे तिकडे जातील. पण हप्ता तुला झेपतो की नाही, ते गाडी दारात नसताना कळेल. मधेच दोन महिने भरता आला नाही, तर कुणी गाडी ओढून नेणार नाही. मग डिझायर घे, आणि ती आनंदानं चालव.

भाची : आणि बाराही महिने भरला तर?

मामा : तर एक लिटर, मॅन्युअल, मधलं मॉडेल. सनरूफवर पैसे घालू नकोस, चांगल्या टायरवर घाल. आणि बुकिंगच्या आधी शोरूममध्ये नको, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जा. क्लच प्लेट, टर्बो आणि पुढचा दिवा, या तिन्हींचा भाव आणि माल यायला लागणारे दिवस त्यांच्याकडून लिहून घे. तो कागद घेऊन माझ्याकडे ये. बुकिंगला मी बरोबर येतो.