कृपादानें संपलीं काय?



कापसाची वेचणी आटोपली म्हणजे आमच्या खानदेशांत गांवोगांवीं सभा भरूं लागतात. सभा संपून मंडळी पांगली कीं मागें राहिलेल्या चारदोघांच्या तोंडून एक प्रश्न नेहमीं ऐकूं येतो. एका लहानशा गांवच्या उपदेशक बंधूनें तो आमच्यापुढें फार कळकळीनें मांडिला. त्याच्या मंडळींत एक पाहुणा येऊन सांगून गेला कीं, ज्यास अन्य भाषा बोलतां येत नाहीं त्यास पवित्र आत्मा मिळालाच नाहीं, आणि ज्याचा विश्वास पुरता आहे त्यानें औषधाची बाटली घरांत ठेवूं नये. पुढें महिन्याभरानें दुसरे एक शिकलेले गृहस्थ आले. ते म्हणाले कीं, असलीं सर्व दानें प्रेषितांबरोबरच संपलीं. आतां जें दिसतें तें एक तर भ्रम, नाहीं तर सोंग.

"दोघांच्याही हातांत शास्त्र एकच होतें," असें तो बंधु म्हणाला. "माझ्या मंडळींत एक म्हातारी आहे. तिला वाचतां येत नाहीं. पहिल्याचें ऐकून ती रडली, कीं आपणांस आत्मा नाहीं. दुसऱ्याचें ऐकून तिनें विचारिलें, मग मागल्या वर्षीं नातू तापानें फणफणला असतां मीं रात्रभर प्रार्थना केली व तो उठला, तें कोणीं केलें? तुम्हीच सांगा, मी तिला काय उत्तर देऊं?"

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. एका शिकवणीनें म्हातारीचें समाधान गेलें, दुसरीनें तिची प्रार्थना जाऊं पाहात होती. म्हणून तो शांतपणें तपासून पाहूं.

दानें संपलीं असें म्हणणारांचा पक्ष आधीं नीट ऐकून घेणें योग्य आहे, कारण तो अविश्वासू लोकांचा पक्ष नव्हे. त्यांचें म्हणणें असें कीं, चिन्हें व चमत्कार हीं प्रेषितांच्या साक्षीवर देवानें मारिलेली मोहोर होती, व इब्री मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत तसेंच सुचविलें आहे. पाया एकदांच घालितात. घर वर चढत गेलें तरी पाया पुन्हां खणीत नाहींत. चवथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम यानें करिंथकरांच्या पत्रावर उपदेश करितांना कबूल केलें कीं, या गोष्टी आतां घडत नसल्यामुळें हा भाग समजण्यास कठीण जातो. अमेरिकेंतील विद्वान बी. बी. वॉरफील्ड यांनीं १९१८ सालीं खोट्या चमत्कारांवर एक मोठा ग्रंथ लिहून हाच पक्ष मांडिला. फसवणुकीस भोळे लोक बळी पडतात हें पाहून त्यांचें मन पोळलें होतें, व तें आमचेंही पोळतें.

तरीही एक गोष्ट त्यांना विचारावीशी वाटते. दानें अमुक वेळीं बंद होतील असें शास्त्रांत कोठें सांगितलें आहे? करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय पुढें करितात. तेथें भाषा बंद पडतील असें आहे खरें. परंतु केव्हां, तर पूर्ण तें येईल तेव्हां, समोरासमोर पाहूं तेव्हां. तो दिवस अजून आलेला नाहीं. आजही आपण आरशांत अंधुकच पाहतों. त्याच ठिकाणीं ज्ञानही नाहींसें होईल असें लिहिलें आहे, आणि ज्ञान संपलें असें कोणी पंडित म्हणत नाहीं. अगस्तीन हा थोर गुरुही तरुणपणीं लिहीत असे कीं, पहिल्या काळचे चमत्कार आतां चालूं ठेविलेले नाहींत. पण म्हातारपणीं, देवाच्या नगराविषयींच्या ग्रंथाच्या शेवटल्या भागांत, आपल्याच हिप्पो नगरांतील रोगी बरे झाल्याच्या अनेक हकीकती त्यानें लिहून ठेविल्या, व आपलें पूर्वीचें बोलणें स्वतःच दुरुस्त केलें. एवढ्या मोठ्या माणसास आपलें मत बदलण्यास लाज वाटली नाहीं.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढें त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा झाला. पूर्व खानदेशांत ज्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनें सुवार्तेचें काम केलें, तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन (१८४३–१९१९) हे ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरें करणारा व पुन्हां येणारा राजा आहे, असें चतुर्विध शुभवर्तमान शिकवीत. १९०७ सालच्या सुमारास अमेरिकेंत त्यांच्याच मंडळ्यांत भाषांच्या दानावरून मोठी खळबळ झाली. सिम्पसन यांनीं दान खोटें म्हटलें नाहीं. परंतु भाषा हीच आत्मा मिळाल्याची एकमेव खूण आहे, हें मानण्याचें त्यांनीं नाकारिलें. कित्येक जण त्यांना सोडून गेले, तरी ते दोन्ही बाजूंच्या मध्यें उभे राहिले. तेव्हां हा वाद आज कोठून तरी नवीन आलेला नाहीं. आपल्या वडिलांच्या घरांतही तो होऊन गेला आहे.

याहून जवळचा दाखला पुणें जिल्ह्यांतील केडगांवचा आहे. तेथें पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या मुक्ति सदनांत दुष्काळांतून वांचविलेल्या मुली व विधवा राहात असत. १९०४ सालीं वेल्स देशांत व १९०५ सालच्या आरंभीं आसामाकडील खासी डोंगरांत धर्मजागृति झाली. ती ऐकून रमाबाईंनीं आपल्या मुलींस प्रार्थनेस बोलाविलें. प्रथम सत्तरएक होत्या; जूनपर्यंत साडेपांचशे जणी दिवसांतून दोनदां जमूं लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस मोठी जागृति झाली. मुलींनीं रडून आपलीं पापें कबूल केलीं, चोरलेल्या वस्तु परत केल्या, भांडणें मिटविलीं. पुढें कांहीं मुली अन्य भाषांत प्रार्थना करूं लागल्या. इंग्रजी न जाणणाऱ्या एका मुलीस इंग्रजींत देवाची स्तुति करितांना आपण ऐकिलें, अशी साक्ष खुद्द रमाबाईंनीं १९०७ सालीं लिहून ठेविली. तेथील अमेरिकन सेविका मिनी अब्राम्स यांनीं १९०६ सालीं या जागृतीवर पुस्तक लिहिलें. तें दूर दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत पोंचलें, व १९०९ सालीं तेथील मंडळ्यांत जी जागृति झाली तिच्या मुळाशीं तेंही एक कारण झालें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, रमाबाई कांहीं भोळ्या बाई नव्हत्या. संस्कृताच्या पंडिता, शास्त्रार्थांत मुरलेल्या, ढोंगाची त्यांना चीड होती. त्यांनीं दान नाकारिलें नाहीं. पण भाषा न बोलणारी मुलगी आत्म्यावांचून आहे असेंही त्यांनीं म्हटलें नाहीं. त्या भाषेकडे कमी व फळांकडे अधिक पाहात. मुली प्रेमळ झाल्या काय, कामाळू झाल्या काय, आसपासच्या गांवीं सुवार्ता सांगण्यास निघाल्या काय, हें त्यांनीं पाहिलें.

दुसरी गोष्ट आम्हांस याहून मोठी वाटते. ज्या आवारांत मुलींच्या तोंडीं न शिकलेल्या भाषा आल्या, त्याच आवारांत रमाबाई इब्री व ग्रीक भाषा कष्टानें शिकत होत्या. साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठींत सर्व बायबल आणण्यासाठीं त्यांनीं पुष्कळ वर्षें घालविलीं. तें तेथील छापखान्यांत मुलींच्या हातांनीं छापलें जाऊन रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं बाहेर पडलें. आतां सांगा, या दोहोंपैकीं भाषेचें दान कोणतें? एकींत क्षणाचा आनंद होता, दुसरींत वर्षांचे कष्ट. आम्ही म्हणूं, देणारा एकच. जें एका क्षणांत उतरतें तेवढेंच दान, आणि जें घाम गाळून मिळतें तें दान नव्हे, असें पौलानें कोठेंही म्हटलेलें नाहीं. रोमकरांस लिहितांना तर त्यानें शिकविणें, सेवा करणें, उदारपणें देणें व दया करणें हीं देखील कृपादानांतच मोजिलीं आहेत.

मग खरेंखोटें कसें ओळखावें? आमच्या भिल्ल व मावची बांधवांस हा प्रश्न विशेष जवळचा आहे. भगताच्या अंगांत येतें, तो घुमतो, हें त्यांनीं लहानपणापासून पाहिलेलें असतें. करिंथ येथील लोकही मूर्तिपूजेंतूनच आले होते, म्हणून पौलानें बाराव्या अध्यायाच्या आरंभींच त्यांस त्याची आठवण दिली. त्यानें दिलेल्या कसोट्या साध्या आहेत. येशू प्रभु आहे, ही कबुली तेथें आहे काय? बोलणाऱ्याचा स्वतःवर ताबा आहे काय? कारण संदेष्ट्याचे आत्मे संदेष्ट्याच्या स्वाधीन असतात; घुमणाऱ्यास मात्र आपण काय बोललों हें ठाऊक नसतें. एका वेळीं दोघे, फार तर तिघे, आणि अर्थ सांगणारा कोणी आहे काय? आणि सर्वांत मोठी कसोटी ही कीं, त्यानें मंडळीची उभारणी होते काय? न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षां समजणारे पांच शब्द पौलास अधिक मोलाचे वाटले. जो उपदेशक मराठींतील वचन अहिराणींत किंवा मावचींत उलगडून सांगतो व एखाद्या शेतमजुराच्या डोळ्यांत उजेड आणितो, त्याच्या हातून ते पांच शब्द घडतात. त्यानें स्वतःस दानहीन समजूं नये.

यांत आणखी एक कसोटी मिळवावी. दानाबद्दल पैसा मागितला जातो काय? शोमरोनांतील शिमोनानें पैसे देऊन आत्म्याचें सामर्थ्य विकत घेऊं पाहिलें, तेव्हां पेत्रानें त्यास कडक शब्दांनीं झिडकारिलें. जें विकत घेणें पाप, तें विकणें पुण्य कसें होईल?

औषधाविषयीं तर आम्हांस स्पष्ट बोलणें प्राप्त आहे, कारण येथें जीव जातो. पौलाच्या हातून रोगी बरे झाले हें खरें. पण त्यानें त्रफिमास मिलेतांत आजारी ठेविलें, तिमथ्यास पोटासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, आणि लूक वैद्य त्याचा प्रिय सोबती होता. स्वतःच्या देहांतील कांटा निघावा म्हणून त्यानें तीनदां विनवणी केली, व कांट्याऐवजीं कृपा मिळाली. या सर्वांत त्याचा विश्वास कमी होता असें कोण म्हणेल? सिंकोनाच्या सालींत हिंवतापाचा उतार ज्यानें घातला, तोच प्रार्थना ऐकणारा आहे. नवापूर तालुक्यांत चिंचपाड्याचें ख्रिस्ती रुग्णालय आहे. ज्यांनीं अशीं रुग्णालयें उभारिलीं ते प्रार्थना न करणारे लोक नव्हते. महाराष्ट्रांत २०१३ सालच्या कायद्यानें साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणें गुन्हा ठरविलें आहे. सरकार जितकी काळजी घेतें, तिच्याहून कमी काळजी मंडळीनें घ्यावी काय? ज्याच्या सांगण्यावरून आईनें मुलाचें औषध बंद केलें, त्यास त्या मुलाचा जाब द्यावा लागेल. प्रार्थना करा, रात्रभर करा. पण सकाळीं दवाखान्यांत न्या.

तेव्हां आमचें उत्तर असें आहे. प्रेषितांचें पद व त्यांची साक्ष एकदांच दिली गेली. तो पाया पुन्हां कोणी घालूं शकत नाहीं, व त्या अधिकारानें आज कोणीं बोलूं नये. परंतु देण्याचा हात देवानें आंखडून घेतलेला नाहीं. काय द्यावें, कोणास द्यावें, केव्हां द्यावें, हें आत्म्याच्या इच्छेवर आहे. म्हणून कोणीं देवास हुकूम करूं नये, आणि कोणीं त्याचें दारही लावूं नये. आत्म्यास विझवूं नका व सर्व गोष्टी पारखून घ्या, हीं दोन वाक्यें पौलानें थेस्सलनीकाकरांच्या पत्रांत जवळजवळ ठेविलीं आहेत. पहिला पाहुणा दुसरें विसरला, व दुसरा पहिलें.

आणि त्या म्हातारीस काय सांगावें? आमच्या बंधूनें तिच्याजवळ बसून इतकेंच सांगावें: बाई, सगळेच भाषा बोलतात काय, असें प्रेषितानें विचारिलें आहे, आणि त्याचें उत्तर नाहीं असें आहे. तुझ्या ओठांवर येशूचें नांव प्रेमानें येतें, हें आत्म्यावांचून होत नाहीं. तुझा नातू उठला, तो देवानें उठविला; औषधानें उठला असता तरी देवानेंच उठविला असता, आणि न उठता तरी देव तुला सोडून गेला नसता. रात्रभर दुसऱ्यासाठीं जागणें हें तुला मिळालेलें दान आहे. तें संपलेलें नाहीं. मंडळींत त्याची फार गरज आहे. उद्यां शेजारच्या घरीं कोणी आजारी पडेल, तेथें जाऊन बैस.

बंधुभगिनींनो, प्रेम कधीं संपत नाहीं. बाकी सर्व दानें त्याच्या हातांतील हत्यारें आहेत. हत्यारावरून भांडत बसलेल्या मजुरांचें शेत पडीक राहतें. ज्यास जें मिळालें आहे तें घेऊन आपण कामास लागूं या.