बाईचा आवाज

सेव्हदा अलीझादे ही तेहरानची, जन्म 1987 चा. पाच वर्षांची असताना ती नेदरलँड्सला आली व सेव्हदालिझा या नावाने गाऊ लागली. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी इराणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. त्यानंतर सेव्हदालिझाने ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ या घोषणेचेच गाणे काढले.

1979 च्या क्रांतीनंतर इराणात स्त्रीने पुरुषांपुढे एकटीने गाणे मना आहे. कोणी म्हणेल, परदेशात बसून गाणे सोपे. खरेच आहे. परस्तू अहमदी डिसेंबर 2024 मध्ये इराणातच उघड्या डोक्याने गायली आणि तिला अटक झाली. दोघींचे मोल सारखे नव्हे. पण जिला भीती नाही तिनेही गप्प बसावे काय?

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी आम्ही आपले घर पाहावे. स्त्रीचा आवाज लज्जेचा, हे शमुएलचे मत तालमुदात आहे. कोकणात ते कोण मानी? मेंदीला आमच्या आज्या घसा मोकळा करून गात, पुरुष ओटीवर बसून ऐकत. मिर्यामने डफ घेतला तोही समुद्रकाठी, सर्वांदेखत.

तरी मागल्या सणाला पाहुणे आले तेव्हा नातीला ‘हळू गा’ म्हणणाऱ्या आम्हीच होतो. तिने विचारले, ‘का, आजी?’ आम्हांला उत्तर सुचले नाही.