कढई निराळी, बाकडें एकच

मनुष्याचा धर्म त्याच्या देवघरावरून ओळखावा असें म्हणतात. आमच्या मतें, परक्या गांवीं, भुकेल्या पोटीं, तो कोणाच्या शेजारीं बसून निश्चिंतपणें जेवूं शकतो यावरून तो धर्म अधिक खात्रीनें ओळखतां येतो. देवघरांत आपण एकटे असतों, आणि पुढची मूर्तिही आपणच मांडलेली असते. घरच्या पंक्तीला येणारे पाहुणे आपणच बोलावलेले असतात. खाणावळींत मात्र शेजारी निवडण्याचा अधिकार कोणालाच नसतो. ज्याच्या खिशांत जेवणाचे पैसे आहेत तो येतो आणि मोकळ्या जागीं बसतो. अशा ठिकाणीं मनुष्याची जी परीक्षा होते, तींत आम्ही नुकतेच नापास झालों. तो प्रसंग प्रथम सांगतों, आणि त्यांतून निघणारा प्रश्न मागाहून मांडतों.

गेल्या माघांत इंदापुरास एक व्याख्यान आटोपून आम्ही बारामतीकडे परत येत होतों. गाडी आमचा पुतण्या चालवीत होता. वाटेंत निमगांव केतकी लागतें. देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीचा आषाढाच्या वारींत येथें मुक्काम असतो, आणि विड्याच्या पानांच्या मळ्यांबद्दल या गांवाची ख्याति आहे. वारीचे दिवस सोडले तर एरवीं हें इतर बाजारगांवांसारखेंच एक गांव. दुपारचे दोन वाजून गेले होते. आम्ही जन्मानें आणि सवयीनें शाकाहारी. म्हणून 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी शोधण्यांत आम्हीं पाव तास घालविला. ती पाटी एका दुकानावर सांपडली, पण दुकान बंद होतें. अखेर पत्र्याच्या छपराची एक लहानशी खाणावळ दिसली. तिच्या पाटीवर 'शाकाहारी' आणि 'मांसाहारी' हे दोन्ही शब्द सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलेले होते. आम्ही उंबऱ्यावर घुटमळलों. खाणावळ चालविणाऱ्या बाईंनीं आमचें घुटमळणें ओळखलें असावें. आंतूनच त्या म्हणाल्या, "माळकऱ्याची कढई येगळी हाय, सर. पळी बी येगळी. निवांत बसा."

आम्हीं विचारलें, "आणि बसायची जागा?"

बाई हंसल्या. "बाकडं एकच हाय. दुसरं मांडायला जागा कुठं हाय?"

जागा खरोखरच नव्हती. एक लांब बाकडें, त्यापुढें तितकेंच लांब टेबल, आणि पलीकडे चूल. आम्ही बसलों. ज्वारीची गरम भाकरी, पिठलें, मटकीची उसळ, ठेचा आणि फोडलेला कांदा असें ताट पुढें आलें. पुतण्यानें मटण मागविलें. घराबाहेर तो सर्व कांहीं खातो हें आम्हांस ठाऊक आहे. घरांत त्याविषयीं कोणी बोलत नाहीं, एवढेंच. दोघेही भुकेलेले होतों, आणि अन्न मनापासून केलेलें होतें. मध्यमवर्गीय घरांत पिठलें हा घाईच्या वेळचा पदार्थ समजतात. तेथील पिठलें खातांना तसा विचार मनांत आला नाहीं.

इतक्यांत एक गृहस्थ येऊन आमच्या डाव्या अंगाला बसले. मळ्यांतून थेट आलेले दिसत होते. पायांवर ओला चिखल, सदऱ्यावर घामाचे डाग, हातांना पानवेलींत दिवसभर काम केल्याचा हिरवट रंग. ते बसतांच आम्ही उजवीकडे सरकलों. फार नव्हे, चारच बोटें. ताटही तितकेंच ओढून घेतलें. ही गोष्ट आम्हीं विचार करून केली नाहीं. ती घडून गेल्यावर आम्हांस कळली. त्या गृहस्थांना मात्र ती लागलीच कळली. पण त्यांनीं तिचा अर्थ निराळाच केला. "दाटी झाली का? ऐसपैस बसा, सर," असें म्हणून ते आपणच बाकड्याच्या टोंकापर्यंत सरकले आणि अर्धे अधांतरीं बसून राहिले. पाणी पिण्यासाठीं त्यांनीं मान वर केली तेव्हां सदऱ्याच्या गळ्यांतून तुळशीची माळ बाहेर आली. बाईंनीं, न विचारतां, आमच्याच कढईंतलें पिठलें त्यांना वाढलें.

ज्यांच्यापासून आम्ही सरकलों होतों त्यांच्या गळ्यांत माळ होती. ज्याच्याकडे सरकलों होतों त्याच्या ताटांत मटण होतें.

वाचकांनीं हा प्रसंग हंसण्यावारी नेला तर आमची तक्रार नाहीं; पण आम्हांला तो सहज सोडवेना. आम्ही नेमके कशापासून सरकलों? मांसापासून नव्हे, कारण तें उजव्या हाताला होतें. चिखलापासूनही नव्हे, आमच्या शेतीच्या महाविद्यालयांतील मित्रांचे बूट याहून अधिक चिखलानें भरलेले असतात, आणि त्यांच्या शेजारीं आम्ही खुशाल चहा घेतों. मग उरलें काय? कपडे पाहिले, कपड्यांवरून कामाचा अंदाज केला, आणि कामावरून जातीचा. एवढी अनुमानपरंपरा आमच्या कोपरानें निमिषांत पुरी केली. तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें हें कबूल करणें लाजिरवाणें आहे, पण खरें तेंच आहे. आणि त्या गांवीं तर हें अनुमान अगदींच टाकाऊ. ज्या वाटेवरून पालखी जाते त्या वाटेवर सर्व जातींत माळकरी आहेत, आणि माळ घातली कीं मांस सुटतें. मांस न खाणें हें उच्च कुळाचें लक्षण, ही समजूत त्या वाटेवर एक कोसही टिकणार नाहीं.

आतां 'शुद्ध' या शब्दाकडे वळूं. पाटीवरील या शब्दाचा साधा अर्थ, येथें मांस शिजत नाहीं, असा आहे, आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु शब्दांना पूर्वजन्म असतात. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें नगरांतील प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आला. कोणीं तो घेतला, कोणीं नुसता हात लावला. पुढें नांवें छापून आलीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि टिळक व न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेनें जावें लागलें. त्या पेल्यांत मांस नव्हतें. चहा, दूध आणि साखर एवढेंच होतें. दोष पेय कोणाच्या हातचें याचा होता. 20 मार्च 1927 रोजीं महाडास डॉ. आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले. मागाहून त्या तळ्यांत पंचगव्याचे घडे ओतून तें 'शुद्ध' करण्यांत आलें. पाण्याहून अधिक शाकाहारी पदार्थ कोणता असूं शकेल? कित्येक गांवच्या चहाच्या दुकानांतून अस्पृश्य गणलेल्यांसाठीं जो निराळा कप वळचणीला ठेवीत, तोही चहाचाच होता. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: आमच्या इतिहासांत अन्नाची शुद्धि आणि शेजाऱ्याची शुद्धि या दोन निराळ्या वस्तु असून एकीनें दुसरीचें नांव धारण केलेलें आहे.

ही गांठ कशी सोडवावी हें एका राजानें फार साधेपणानें दाखविलें. कोल्हापुरास गंगाराम कांबळे यांना शाहू छत्रपतींनीं हॉटेल काढून दिलें, आणि दलिताच्या दुकानांतला चहा प्यावयास कोणी येईना तेव्हां महाराज स्वत: तेथें थांबून चहा घेऊं लागले, बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावूं लागले. 1922 सालीं महाराज निवर्तले. समतेवर त्यांनीं व्याख्यानें दिलीं व हुकूमही काढले. तथापि लोकांच्या स्मरणांत तो चहा अधिक राहिला, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, मग बाईंची निराळी कढई हीही विटाळाचीच धाकटी बहीण नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि या दोहोंतील भेद स्पष्ट करणें हाच या लेखाचा हेतु आहे. कढई ही आम्ही स्वत:वर घालून घेतलेली मर्यादा आहे. आमच्या पोटांत काय जावें याचा निर्णय आमचा. स्वयंपाक करणाऱ्याला आम्ही इतकीच विनंति करतों कीं, तो निर्णय पाळण्यास साहाय्य करावें. तिनें शेजाऱ्याचें कांहीं जात नाहीं. उद्यां त्यानें मांस सोडलें तर त्याच कढईंतलें त्याला मिळेल. आम्हीं धरलें तर दुसरींतलें आम्हांस. निराळें बाकडें ही दुसऱ्यावर घातलेली मर्यादा आहे. आपल्या ताटांतला पदार्थ बदलून ती ओलांडतां येत नाहीं, कारण ती ताटासाठीं कधीं नव्हतीच. कोणत्याही सोवळ्याची कसोटी आम्ही हीच मानतों: तें पाळणाऱ्याला जड जातें कीं शेजाऱ्याला? पाळणाऱ्याला जड जात असेल तर तो संयम. शेजाऱ्याला जड जात असेल तर ती सत्ता.

महात्मा गांधींच्या चरित्रांतील एक प्रसंग येथें आठवतो. आईपुढें केलेल्या प्रतिज्ञेमुळें ते विलायतेंत मांस टाळीत होते; पण शाकाहार त्यांनीं बुद्धीनें स्वीकारला तो लंडनमधील एका शाकाहारी खाणावळींत विकत घेतलेलें सॉल्ट यांचें पुस्तक वाचून. पुढें ते तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले. डॉ. अॅलिन्सन हे त्याच मंडळाचे सभासद संततिनियमनाचे पुरस्कर्ते होते, म्हणून त्यांना काढून टाकावें असा अध्यक्ष हिल्स यांचा आग्रह पडला. गांधींना डॉक्टरांचें तें मत मान्य नव्हतें. तरीही त्यांनीं म्हटलें कीं, मंडळाचा उद्देश शाकाहाराचा प्रसार एवढाच आहे. इतर नीतिविषयक मतें कांहींही असोत, शाकाहारी मनुष्याला तेथून घालवितां येणार नाहीं. ठराव डॉक्टरांच्या विरुद्ध गेला. पण एकवीस वर्षांच्या त्या लाजाळू विद्यार्थ्यानें, ताटावरून मनुष्याच्या इतर सर्व गोष्टींचा निवाडा करूं नये, हें तत्त्व अचूक पकडलें होतें.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. शेजारच्या ताटांतल्या वासानें कित्येकांना खरोखरच शिसारी येते. तिचें काय करावें? आम्ही स्वत: त्यांपैकींच असल्यानें ही शिसारी खोटी आहे असें म्हणणार नाहीं. कोणाला दूर बसावेंसें वाटलें तर त्यानें उठून दूर बसावें. परंतु स्वत: उठणें आणि दुसऱ्याला उठविणें यांत अंतर आहे. मुंबईस पवई येथील आय. आय. टी.च्या वसतिगृहांच्या खाणावळींत 2023 सालीं कांहीं टेबलें केवळ शाकाहारी अन्नासाठीं राखून ठेवण्यांत आलीं, त्यावरून विद्यार्थ्यांत निषेध झाला, आणि एका विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. दोन्ही बाजूंस तरुण व बुद्धिमान मुलें होतीं. राखीव टेबलें मागणाऱ्यांना केवळ आपलें ताट सांभाळावयाचें होतें, असें आपण उदारपणें धरून चालूं. तरी ज्याच्या आजोबांना वळचणीच्या कपांतून चहा प्यावा लागला, त्याला तें टेबल पाहून काय आठवलें असेल, याचा हिशेब कोणत्या खात्यांत मांडावयाचा? आपली शिसारी खरी. त्याची आठवणही खरी. आणि दोहोंपैकीं एकीनेंच दुसऱ्याला शतकानुशतकें बाहेर बसविलेलें आहे.

निमगांवच्या बाईंना आम्ही उगीच थोर बनवीत नाहीं. त्यांनीं एकच बाकडें ठेवलें तें तत्त्व म्हणून नव्हे, जागा नाहीं म्हणून. वारीच्या वाटेचाही असाच जमाखर्च आहे. त्या वाटेवर सर्व जातींचे लोक चालत आले, पण तिच्या टोंकाला असलेल्या पंढरीच्या मंदिराचें दार दलितांना उघडलें तें 1947 सालीं, सानेगुरुजींनीं उपोषण केल्यावर. 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटनेनें सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली. कायद्याचें काम मोठें आहे. पण त्याची पोंच उंबऱ्यापर्यंत. आंत गेल्यावर बाकड्यावर चार बोटें कोणीं कोणीकडे सरकावें, हें कोणतें न्यायालय पाहणार? तें ज्याचें त्यानेंच पाहिलें पाहिजे. आणि तें पाहण्याची संधि, आमच्या अनुभवाप्रमाणें, प्रशस्त उपाहारगृहांत मिळत नाहीं. तेथें टेबलांमधील अंतरच आमचे दोष झांकून टाकतें. जागेच्या टंचाईनें ते उघडे पडले, याबद्दल त्या पत्र्याच्या छपराचे आम्ही ऋणी आहों.

पैसे देऊन निघालों तेव्हां ते गृहस्थ दारांत उभे राहून चंचीतून विड्याचें साहित्य काढीत होते. आम्हांला पाहून त्यांनीं एक पान पुसून, चुना लावून, सुपारी घालून पुढें केलें. "आपल्या मळ्यातलं हाय," म्हणाले. आम्ही पान सहसा खात नाहीं. त्या दिवशीं घेतलें, आणि पुढें सरकल्याबद्दल क्षमा मागावी असें मनांत आलें. पण मागितली असती तर आम्ही कां सरकलों होतों हें त्यांना सांगावें लागलें असतें. त्यांना तर दाटीच वाटली होती. म्हणून गप्प राहिलों. तें शहाणपण होतें कीं भित्रेपणा, याचा निर्णय बारामती येईपर्यंत झाला नाहीं, आणि अद्यापिही झालेला नाहीं.