कॅमेऱ्याची बॅग आणि अपरिग्रह

अपरिग्रह हा पतंजलींच्या पाच यमांपैकी एक. जैनांच्या पाच महाव्रतांतही तो आहे. हौशी छायाचित्रकाराच्या बॅगेला तो लावायचा कसा? निव्वळ वस्तू मोजून भागत नाही. जैन विचारात परिग्रह म्हणजे आसक्ती. सर्वस्व सोडलेल्या दिगंबर मुनीजवळही पिंछी आणि कमंडलू असतात, कारण ती संयमाची साधने आहेत. बॅगेतली प्रत्येक वस्तूही अशीच तपासावी: ती कामाचे साधन आहे की नुसती आसक्ती?

नांदेड-यवतमाळच्या सीमेवरच्या सहस्रकुंड धबधब्यावर ही कसोटी चांगली लागते. पैनगंगेचे पाणी भर उन्हात रेशमी दिसायला हवे असेल, तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागतोच. तो प्रकाश 64 पटींनी कमी करतो, त्यामुळे 1/60 सेकंदाचे एक्स्पोजर साधारण 1 सेकंदावर जाते आणि ट्रायपॉडही आलाच. ओल्या खडकांवरची चमक पोलरायझर मारतो. तिच्याखाली दडलेला तपशील नंतर संगणकावर आणता येत नाही. यूव्ही फिल्टरचे तसे नाही. डिजिटल सेन्सरला त्याची फारशी गरज नसते. माळेगावच्या खंडोबा यात्रेतल्या धुळीत तो लेन्सची काच सांभाळतो, इतकेच. लातूर जिल्ह्यातल्या खरोसा लेण्यांच्या अंधारात तर सगळे फिल्टर काढूनच ठेवावेत.

मोठी बॅग घेतली की ती भरावीशी वाटते. आसक्ती शिरते ती इथून, आणि माहूरच्या पायऱ्यांवर तिचे वजन खांद्याला कळते. एक बॉडी, दोन लेन्स, पोलरायझर आणि पावसाचे कव्हर मावेल एवढी पाठीवरची बॅग नवशिक्याला पुरते.