सही दुसऱ्याची, हात आपला



वडिलांच्या पश्चात जमिनीची वाटणी होते. बहीण लांब सासरी असते. "तिची हरकत नाही," असे म्हणत भाऊच संमतीपत्रावर तिची सही करतो. लुबाडण्याचा हेतू नसतो. मग यात वाईट ते काय?

बनावट दस्त म्हटले की आपल्याला तेलगी आठवतो. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांक राज्याराज्यांत विकले. २००१ मध्ये त्याला अटक झाली, २००७ मध्ये एका खटल्यात १३ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो वारला. त्याच्यापुढे आपली एक सही किरकोळ वाटते.

कायदा मात्र हेतू पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार बनावट दस्त करण्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तो फसवणुकीसाठी केला असेल तर कैद सात वर्षांपर्यंत जाते. मृत्युपत्राची बनावट केल्यास जन्मठेपही होऊ शकते. आणि दस्त खोटा आहे हे ठाऊक असून जो तो लबाडीने वापरतो, त्याला बनवणाऱ्याइतकीच शिक्षा होते.

पवित्र शास्त्रातील नाबोथाचा मळा आठवा (१ राजे, अध्याय २१). ईजबेल राणीने अहाब राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मोहोर केली आणि निरपराध नाबोथाचा जीव गेला. अहाबाने एक अक्षरही लिहिले नव्हते. तो फक्त मळ्याचा ताबा घ्यायला गेला. तरी एलीया संदेष्ट्याने जाब विचारला तो त्यालाच.

आता त्या भावाकडे वळू. बहीण कदाचित "हो"च म्हणाली असती. पण सही म्हणजे नुसते नाव नव्हे. त्या माणसाने विचार करून दिलेला तो शब्द असतो. "हो" म्हणण्याचा अधिकार ज्याला असतो, त्यालाच "नाही" म्हणण्याचाही असतो. भावाने जमीन चोरली नसेल, पण बहिणीचा "नाही" चोरला. न्यायालय त्याला कदाचित सोडून देईल. सदसद्विवेकबुद्धी सोडणार नाही.

कोणाच्या घरी असा कागद असेल, तर नुसते पापनिवेदन पुरेसे नाही. बहिणीकडे जा, तिला कागद दाखवा, तिचे म्हणणे ऐका आणि तिचे जे असेल ते तिला द्या. तिने आनंदाने हक्क सोडला, तर तिची सही तिलाच करू द्या.