शिक्षकाचा मोबदला

ज्याने आयुष्यभर इतरांच्या मुलांना शिकविले, त्याला त्याचा मोबदला मिळाला असे केव्हा म्हणावे?

आपल्या मुळशी तालुक्यात हा प्रश्न दोन ठिकाणी उभा आहे. ताम्हिणीच्या बाजूला भर पावसात वाट काढीत वाडीवरच्या शाळेत पोहोचणारे गुरुजी आहेत. पिरंगुट-हिंजवडीच्या परिसरात कामगारांच्या मुलांना मकतबमध्ये कायदा शिकविणारे उस्ताद आहेत. निवृत्तीला आलेल्या अशा शिक्षकांना त्यांच्या कारकिर्दीविषयी विचारा. ते बहुधा पगाराचा आकडा सांगत नाहीत. अक्षर ओळखत नसलेले एखादे मूल एके दिवशी सलग ओळ वाचू लागले, ते सांगतात. तेवढ्या आठवणीवर त्यांची अनेक वर्षे उजळून निघालेली असतात.

परंतु असे यश प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक वर्षी लाभत नाही. मग जेथे ते लाभले नाही, तेथील परिश्रम वाया गेले काय? दिव्य कुरआनात आदरणीय प्रेषित नूह (अलै.) यांचा उल्लेख आहे. पन्नास कमी एक हजार वर्षे ते आपल्या लोकांत राहिले आणि ईमान आणणारे मात्र थोडेच निघाले. संख्येच्या हिशेबाने पाहिले, तर याला अपयश म्हणावे लागेल. अल्लाहच्या दरबारात मात्र ते थोर प्रेषित आहेत. सूरह अबसमध्येही हाच बोध आहे. कुरैशच्या सरदारांना समजावण्यात गुंतले असता आलेल्या अंध जिज्ञासूकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा अल्लाहने आदरणीय प्रेषित (स.) यांना सावध केले. जो बेपर्वा आहे तो सुधारला नाही, तर त्याचा दोष शिकविणाऱ्यावर नाही. जो स्वतः धावत आला आहे, त्याचा हक्क मोठा आहे. शिक्षकाकडे सोपविलेली अमानत प्रामाणिकपणे पोहोचविण्याची आहे. परिणाम अल्लाहच्या हाती आहे.

ही गोष्ट शिक्षकाच्या मनाला धीर देते. अडचण तेव्हा येते, जेव्हा तीच गोष्ट आपण, म्हणजे पालक आणि जमात, शिक्षकाला ऐकवू लागतो. ‘उस्तादांना तर सवाब मिळतोच’, असे म्हणून मानधन महिनोन्महिने रखडविले जाते. सवाबाची आशा ही शिक्षकाच्या अंतःकरणातील ठेव आहे. आपली देणी फेडण्याचे चलन म्हणून ती वापरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

या बाबतीत फिक्हचा इतिहास बोलका आहे. कुरआन शिकविणे ही इबादत असल्यामुळे तिचे वेतन घेऊ नये, असे पूर्वकालीन हनफी इमामांचे मत होते. त्या काळी बैतुलमालमधून अशा लोकांना निर्वाहवेतन मिळत असे. ते बंद पडल्यावर शिक्षक पोटासाठी अन्य व्यवसायांकडे वळतील आणि हे ज्ञानच लोप पावेल, हे पुढच्या विद्वानांनी ओळखले आणि वेतन जायज ठरविले. इमाम मालिक व इमाम शाफिई (रह.) यांनी तर ते आधीच मान्य केले होते. म्हणजे इबादतीचे पावित्र्य राखायचे, तर ती करणाऱ्याच्या घरची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी समाजावर येते. मजुराकडून पुरते काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असा सहीह बुखारीतील हदीसचा आशय आहे. त्यातून मकतब वगळलेले नाही.

पैसा घेतला की निष्ठा संपते, हा समजही खरा नाही. 2020 साली सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर 9 शिक्षकांना देण्याचे जाहीर केले. ज्याच्या हाती काही येते, तोच देऊही शकतो.

आपल्या पुण्याचेच आणखी एक उदाहरण पाहा. 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. फातिमा शेख त्यांच्या सहकारी होत्या. त्यांच्याविषयी लिखित असे फारच थोडे उरले आहे. 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात, आजारपणामुळे माहेरी नायगावला असलेल्या सावित्रीबाई जोतीरावांपाशी फातिमाची आठवण काढतात. आपल्या गैरहजेरीत कामाचा भार तिच्यावर पडला असेल, ही काळजी त्यांना आहे. ती तक्रार करणार नाही, हेही त्या जाणतात. आजारातही त्यांनी जी तक्रार करणार नाही तिचाच भार मनात आणला. जमातीने हेच शिकावे.

म्हणून, वाचकहो, या महिन्यात आपल्या मुलाच्या उस्तादांची थकबाकी असेल तर ती मागण्याची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका. शाळेतील गुरुजी-बाईंनाही भेटा, मग त्यांचा धर्म कोणताही असो, आणि मूल काय शिकले ते त्यांना सांगा, जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही, अशी आदरणीय प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पारलौकिक मोबदला अल्लाह देईलच. आपल्या हातून द्यावयाचा तेवढा आपण द्यावा.

अल्लाह आपल्या सर्व शिक्षकांना उत्तम मोबदला देवो आणि आपल्याला त्यांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.