वासराचा वाटा

‘श्रमांचे चीज झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या चीजेचा दुधाशी काडीचाही संबंध नसतो. तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि न्याहारीच्या टेबलावरचा दुसरा इंग्रजीतून. दोघांचा उच्चार जुळला हा निव्वळ योगायोग. तरीही नेदरलँड्समध्ये खौदा शहराच्या परिसरातील एका शेतावर हा पदार्थ जुन्या रीतीने कसा बनतो हे पाहिल्यापासून आम्हांला ते दोन शब्द वेगळे ठेवणे कठीण जाते. ‘खौदा’ म्हणजे आपल्या दुकानांतून मिळणारे ‘गौडा’च. एक किलो चीजसाठी तेथे सुमारे दहा लिटर दूध लागते. एवढे दूध कोणाचे, आणि त्याचे चीज कोणासाठी, असा प्रश्न मग मनात येतोच.

कृती पाहावयास मोठी सुंदर. सकाळचे धारोष्ण दूध मोठ्या पात्रात ओतून तीस अंशांच्या आसपास ठेवतात, त्यात विरजण घालतात आणि मग थोडेसे रेनेट. अर्ध्या-पाऊण तासात दुधाचा एकसंध, थरथरता थर जमतो. आपण लिंबू पिळून दूध नासवतो तसे हे नासणे नव्हे. तारा ताणून बसविलेल्या चौकटीने तो थर हलक्या हाताने कापतात, म्हणजे त्याचे दाणे होतात आणि हिरवट-पिवळी निवळी सुटू लागते. तिच्यातील काही भाग काढून त्या जागी गरम पाणी घालतात. या पाण्याबरोबर दुधातील साखर धुतली जाते, म्हणून पुढे आंबटपणा वाढत नाही व खौद्याला त्याची सौम्य गोडी येते. मग तो चक्का फडक्यासह साच्यात भरून काही तास दाबाखाली ठेवावयाचा, नंतर काही दिवस मिठाच्या पाण्यात बुडवावयाचा आणि शेवटी लाकडी फळीवर मांडावयाचा. आरंभी रोज उलथावे लागते, नाहीतर ओल एका बाजूस उतरते. चार आठवड्यांचे ते ‘कोवळे’ आणि वर्षाच्या घरात गेले की ‘जुने’. जुन्यात दाताखाली करकरणारे पांढरे कण सापडतात. लोक त्यांना मीठ समजतात, पण प्रथिने विघटित होऊन तयार झालेले ते स्फटिक असतात.

हे सारे यजमानीणबाई दाखवीत होत्या. डच शेतघरांतून चीज करणे हे पूर्वापार घरच्या बाईचे काम. त्यांच्या सासूनेही याच खोलीत आयुष्य काढलेले. पाहुण्यांत अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारात असलेले एक जैन कुटुंब होते. पहिला तुकडा हातात घेतल्यावर त्या कुटुंबातील वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, ‘‘रेनेट म्हणजे काय?’’ यजमानीणबाईंनी क्षणभरही न अडखळता सांगितले: दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेला पाचकरस. वासरू मारल्याशिवाय तो मिळत नाही. बाईंनी तुकडा ताटलीत परत ठेवला, हात जोडले आणि ‘‘खरे सांगितलेत, उपकार झाले,’’ एवढेच म्हणाल्या.

आमच्याही हाती तुकडा होता. त्यांच्यासमोर आम्ही तो खाल्ला नाही. त्या बाहेर गेल्यावर खाल्ला. आमच्यासोबत असलेल्या एका तरुण डच धर्मगुरूला हे वागणे दुटप्पी वाटले. परतीच्या वाटेवर त्याने विचारले, ‘‘खाणे योग्य असेल तर त्यांच्यासमोर का नाही? अयोग्य असेल तर नंतर तरी का?’’

प्रश्न पोरकट नव्हे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात जवळजवळ हाच पेच सोडविला आहे. बाजारात मिळते ते मांस विवेकासाठी चौकशी न करता खा, असे तो सांगतो. मात्र ते मूर्तीस वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नका, असेही लगेच बजावतो. म्हणजे एकच अन्न एका ताटात निर्दोष आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे वर्ज्य होऊ शकते, कारण ताटावर अन्नाबरोबर शेजारीही असतो. आमच्या तरुण मित्राला आम्ही हे उत्तर दिले. ते बरोबर आहे असे आजही वाटते, पण ते पुरते असे वाटत नाही. पौलाने ‘चौकशी करू नका’ म्हटले ते मूर्तींच्या भयातून भाविकांना सोडविण्यासाठी. आज आपण चौकशी करीत नाही ती वेगळ्याच कारणाने: कळले तर घास अडकेल म्हणून. वेष्टनावर ‘एन्झाइम’ एवढा एकच शब्द छापलेला असतो, आणि त्याच्या आड एक वासरू उभे आहे की नाही हे विचारण्याचे सुख आपण टाळतो.

आल्कमारला जुना चीजबाजार भरतो, एप्रिल ते सप्टेंबर दर शुक्रवारी. आता तो मुख्यतः प्रवाशांसाठी. तरी रिबिनीच्या टोप्या घातलेले हमाल लाकडी डोल्यांवर चीजचे गोळे घेऊन धावतात ते पाहण्यासारखे असते. त्यांचा संघ 1593 सालचा. माल जेथे तोलतात ती इमारत मुळात पवित्र आत्म्याचे चॅपेल, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिचे काटाघर झाले. प्रार्थनामंदिरात तराजू आला याचे आम्हांला दुःख झाले नाही. खोटा काटा मांडू नये अशी शिकवण जेथे दिली जात होती तेथे खरा काटा टांगला गेला, इतकेच. तेथील पारखी गोळ्यावर टिचकी मारून नाद ऐकतो, मग पोकळ सळई खुपसून आतला एक तुकडा काढतो, हुंगतो, बोटांत चोळतो, आणि उरलेला बोंडूक भोकात परत बसवतो. आत काय आहे ते पाहिल्यावाचून सौदा नाही. विवेकाच्या बाबतीत आपण एवढी साधी व्यापारी सावधगिरीही बाळगत नाही.

सेमिनरीत आम्ही संत तोमस अक्विनस शिकलो. पशूंवर क्रूरता करू नये, कारण तिने माणसाचे काळीज माणसांविषयीही निबर होते, असे त्यांचे म्हणणे. पशूचे स्वतःचे असे काही मोल त्या युक्तिवादात फारसे येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्यापुढे पाऊल टाकले: प्रत्येक प्राणिमात्राला देवापुढे आपले मोल आहे, माणसाच्या उपयोगापुरते ते नाही. आता रेनेट म्हणजे काय हे नीट पाहा. पातळ दूध वासराच्या पोटातून झरझर वाहून जाऊ नये, ते थांबावे, गोठावे, सावकाश अंगी लागावे म्हणून निर्मात्याने ही योजना केली. दूधही त्याचे आणि दूध धरून ठेवण्याची युक्तीही त्याचीच. आपण दोन्ही घेतली.

यावर उपाय निघालेला नाही असे नाही. बुरशीपासून रेनेट करतात, आणि वासराच्या जनुकाच्या साहाय्याने सूक्ष्मजीवांकडून तोच पाचकरस बनवून घेण्यास अमेरिकेत 1990 साली मान्यता मिळाली. जगातील पुष्कळ चीज आता तसेच होते. त्या जैन बाईंना असे चीज खुशाल खाता येईल, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु रेनेटचा प्रश्न सुटला म्हणजे वासराचा सुटला असे कोणी समजू नये. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि व्यालेल्यांपैकी निम्मे गोऱ्हे. दूध न देणाऱ्या त्या गोऱ्ह्याचे काय? नेदरलँड्समध्ये त्यावर कोवळ्या मांसाचा मोठा धंदा उभा आहे. आठ आठवड्यांपुढील वासरास एकट्याने खोक्यात कोंडून ठेवण्याची चाल युरोपीय संघाने 2007 पासून बंद केली. त्यापूर्वी ती सर्रास होती. आणि आपल्याकडे? नांगराला ट्रॅक्टर आला, गाडीला टेम्पो आला, तेव्हापासून गोठ्यातल्या गोऱ्ह्याचे काय होते हे गावोगावच्या वाचकांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. चिकाच्या खरवसाची वाटी पुढे आली की आपण वेलदोडा बरा पडला की नाही एवढेच पाहतो.

म्हणून दूध सोडावे काय? सोडणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे, पण तसा आदेश धर्मपीठावरून द्यावा असे आम्हांस वाटत नाही. विनाकारण पशूला यातना देणे व मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. ‘विनाकारण’ या शब्दावरच सारे अडते, आणि तेथे प्रत्येक घराने आपापला हिशेब मांडावयाचा आहे. पूर्वी घरोघरी गुरे होती तेव्हा धार काढताना एक सड वासरासाठी राखून ठेवण्याची रीत होती. त्यात हिशेबही होता, वासरू जगले तर गाय पान्हा सोडते. पण लोभी माणसाला तेवढाही हिशेब जमत नाही, म्हणून घरातील म्हातारी गोठ्याच्या दारात उभी राहून किती सड पिळले ते मोजत असे.